महाराज बाहेरगावी गेलेत

दसऱ्याची साफसफाई चालली होती. दुकानात कामाला येणारी मुलगी स्टुलावर उभी राहून भिंतीवरचे फोटो पुसत होती. गणपती पुसून झाला, माझे वडील पुसून झाले आणि तिसऱ्या फोटोपाशी तिचा हात थांबला. "दादा, हा फोटो इथंच ठेवायचाय का?" मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "काही नाही, विचारलं." आणि तो न पुसताच खाली उतरली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे ती. दुपारी दोनला येते, लग्नपत्रिका लावते, गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन करते, सहाच्या आत घरी जाते. कधी उलट बोलत नाही. टेबल तिचं नेमकं त्या फोटोखाली. त्या संध्याकाळी शटर ओढताना माझ्या लक्षात आलं की टेबल हातभर सरकलंय. खुर्चीची पाठ आता त्या भिंतीकडे.

तिसरा फोटो रिचर्ड स्टॉलमनचा, सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं असावं म्हणून झगडणाऱ्या अमेरिकन प्रोग्रामरचा. वीसेक वर्षांपूर्वी साध्या इंकजेटवर छापून, लॅमिनेशन करून मीच लावलेला. खांद्यावर रुळणारे केस, छातीपर्यंत दाढी, अंगात कफनीसारखा झगा आणि डोक्यामागं चकचकीत गोल तबकडी. ती प्रभावळ म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची चकती. भाषणाच्या शेवटी हा माणूस संताचं सोंग घेऊन लोकांना हसवायचा, त्यातला तो फोटो. पण आमच्या गिऱ्हाइकांना हे कुठलं माहीत? तासगावकडचे एक काका पत्रिकेचं प्रूफ तपासता तपासता वर बघून हात जोडायचे. "हे कुठलं महाराज वो?" "अमेरिकेतले." "मठ कुठं?" "बोस्टनजवळ." एकदा एक आजी निघताना फोटोखाली चार खडीसाखरेचे खडे ठेवून गेली. मी ते मुंग्या लागेपर्यंत काढले नाहीत. गंमत म्हणून लावलेला फोटो होता, पण गंमत कधी संपली आणि मी खरंच त्याच्याकडे बघून दिवस कधी सुरू करू लागलो, ते मला सांगता येणार नाही. कोरल ड्रॉ असलेलं विंडोजचं मशीन मी मुद्दाम आतल्या बाजूला, त्याच्या नजरेआड ठेवलं होतं. त्या मशीनवरचं सगळंच पावतीचं आहे का, हे न विचारलेलं बरं.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती प्रिंटरमुळं. धंदाच तो. कागद अडकला की काय होतं हे आमच्याइतकं कुणाला कळणार? ड्रमचा तो जळका वास, आत बोट घालून ओढताना अर्धाच फाटून येणारा कागद आणि समोर उभा असलेला, मुहूर्त दोन दिवसांवर आलेला मुलीचा बाप. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, जिथं स्टॉलमन काम करायचा, १९८०च्या आसपास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रामात या मंडळींनी थोडी भर घातली होती, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नव्याचा मूळ कोड कंपनीनं दिला नाही. ज्या माणसाकडं तो होता त्यानं, कुणाला देणार नाही असा शब्द दिलाय, म्हणून नकार दिला. बाकीचे चडफडले आणि गप्प बसले. हा बसला नाही. २७ सप्टेंबर १९८३ला त्यानं सगळ्यांना मोकळी असेल अशी संगणकप्रणाली लिहायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४मध्ये एमआयटीतली नोकरी सोडली, १९८५मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. प्रोग्राम चालवा, उघडून बघा, बदला, वाटा. माझा जन्मही १९८३चाच, त्यामुळं उगाच एक सोयरीक वाटायची.

हे सगळं मला ज्यांनी सांगितलं ते आमचे सर. गावभागातल्या एका वाड्यात माडीवर त्यांची खोली होती. २००२-०३ची गोष्ट. दर रविवारी दहाला आम्ही सात-आठजण जमायचो. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीड्या, उघडेच ठेवलेले सीपीयू, सोल्डरिंगचा धूर आणि मधोमध परातीत कांदा घातलेलं भडंग. फी एक रुपया नाही. मला पहिला मदरबोर्ड सरांनी दिला, "चालला तर तुझा, नाही चालला तर शिकशील" म्हणून. विंडोजच्या जागी चालणाऱ्या त्या मोकळ्या प्रणालीला नुसतं लिनक्स म्हटलं की थांबवायचे. ग्नू-लिनक्स म्हण, ज्याचं श्रेय त्याला दे. माझे वडील ट्रेडल मशीनवर खिळे जुळवत म्हातारे झाले. मुलाला कुणी फुकट शिकवतंय म्हटल्यावर ते सरांकडं दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचे. मी आज जे चार पैसे मिळवतो त्यातले निम्मे त्या माडीचे आहेत. यात मला कुणाला खूश करायचं नाही, हिशेबाचीच गोष्ट आहे.

सरांची जीभ मात्र फटकळ. ढ, गाढव, बैलबाजारात जा, हे रोजचं. चुकलं की सगळ्यांसमोर तुमचा कोड मोठ्यांदा वाचायचे, प्रत्येक ओळीला एक शेलका शब्द. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स लोकांना मेलमधून कसा सोलून काढतो, ते छापून आणून वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, असं बोलायला अधिकार लागतो. आम्ही हसायचो. ज्याला शिव्या पडल्या तोही हसायचा. शिव्या खाऊन टिकला तो खरा, असा एक हिशेब तयार झाला होता. मुलींच्या बाबतीत जीभ वेगळ्या वळणानं जायची. कपड्यांवरून, केसांवरून, "तू समोर बसलीस तर या पोरांचं कंपाइल कसं व्हायचं" अशा धाटणीचं. त्यालाही आम्ही हसायचो. मी पण. सरांच्या घरातल्या काकूंपासून आमच्यातल्या सगळ्यात थोराड मुलापर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद असायचं, स्वभावाला औषध नाही.

आमच्यात एक हळद-अडत्याची मुलगी होती. तिच्या वह्यांच्या कडा पिवळ्या असायच्या, आणि ती शेजारी बसली की मार्केट यार्डातला सौद्याच्या दिवसाचा तो नाकात चढणारा कोरडा वास यायचा. आम्हा सगळ्यांत तिचं डोकं चालायचं. ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की सगळा भुसा. सगळीकडं सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, युनिकोड, नुकती कानावर यायला लागली होती. तिनं तीन रविवारांत जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा, पर्ल या भाषेतला प्रोग्राम लिहिला. त्यात खरी मेख पहिल्या वेलांटीची आणि रफाराची. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफार तर उलटा, दिसतो नंतर पण लिहावा लागतो आधी. आम्ही जोडाक्षरात अडकलो की ती वहीवर "मूर्ती" लिहून बोटानं दाखवायची, हे इथनं उचल, तिथं ठेव. सरसुद्धा तिचा कोड वाचताना शेलका शब्द घालायला विसरायचे. चौथ्या का पाचव्या महिन्यात ती यायची थांबली. कुणीतरी म्हणालं, घरात स्थळं बघतायत. आम्हाला ते पटलं. पटायला सोपं होतं. पुढच्या रविवारी परातीतलं भडंग तेवढंच होतं, एक वाटा जास्त आला.

२०१९चा ऑगस्ट सांगलीत कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी पाणी किती, हाच एक प्रश्न दिवसभर. पंचेचाळीसला धोक्याची पातळी, आणि पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. दुकानात माझ्या छातीइतकं आलं. ते उतरल्यावर शटर उघडलं तर आत गाळ, फुगलेले कागदाचे रीम, पत्रिकांवरचे सगळे गणपती एकमेकांना चिकटलेले. वरच्या खिळ्यांवरचे तीन फोटो तेवढे कोरडे. महाराजांनी स्वतःला वाचवलं, असं शेजारचा भांडीवाला म्हणाला. सप्टेंबरच्या मध्यात मी अजून सीपीयू उघडून उन्हात वाळवत होतो, तेव्हा फोनवर बातमी आली की स्टॉलमननं १६ तारखेला एमआयटीतलं पाहुण्या संशोधकाचं पद आणि फाउंडेशनचं अध्यक्षपद दोन्ही सोडलं. फोनची काच तडकलेली. बोटाला गाळ. मी तिथंच उकिडवा बसून वाचत राहिलो.

मार्विन मिन्स्की हे त्या प्रयोगशाळेतलं मोठं नाव, २०१६ला वारलेले. लहान वयात जेफ्री एपस्टीन या मुलींचं शोषण करणाऱ्या अमेरिकन धनाढ्याच्या जाळ्यात सापडलेल्या एका स्त्रीनं न्यायालयातल्या जबानीत, आपल्याला ज्यांच्याकडे पाठवलं गेलं त्यांत मिन्स्कींचं नाव घेतलं होतं. त्यावर स्टॉलमननं सहकाऱ्यांना लिहिलं की अत्याचार हा शब्द इथं नेमका नाही, ती मुलगी मिन्स्कींसमोर राजीखुशीनं आल्यासारखीच दिसली असेल. बातम्यांनी त्याचं करून टाकलं की तो एपस्टीनची बाजू घेतो. ते खोटं होतं. एपस्टीनला त्यानं त्याच्या आधीच सराईत बलात्कारी म्हटलं होतं. मी दोन रात्री जागून सगळं वाचलं. मूळ वाचल्याशिवाय बोलायचं नाही ही सरांचीच शिकवण. आणि वाचताना मला त्याची जुनी विधानंही सापडली, मुलांशी मोठ्या माणसांच्या संबंधांबद्दलची, जी त्यानं त्याच आठवड्यात मागं घेतली होती. ती वाचून पोटात कालवलं. तरी मी माझी बाजू ठरवून टाकली. बातमीदारांनी शब्द फिरवले, माणूस शब्दांचा काटेकोर आहे, बास. काही महिन्यांनी लॉकडाऊनमध्ये आमचे सर गेले. त्यांच्याबद्दल तर बोलायचाच प्रश्न उरला नाही. गेल्या माणसाबद्दल आपण वाईट बोलत नाही.

स्टॉलमनच्या राजीनाम्याच्या आदल्या वर्षी, २०१८च्या सप्टेंबरात, टोरवाल्ड्सनं माफी मागितली होती. माझ्या वागण्यानं लोक दुखावले, काही जण कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम सोडूनही गेले असतील, मला मदत घ्यायला हवी, अशा अर्थाचं लिहून तो काही आठवडे बाजूला झाला. मी ते सरांना वाचून दाखवलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हातारा झाला वाटतं." आणि चहा ओतला.

२१ मार्च २०२१ला स्टॉलमननं सांगितलं की आपण फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परत आलोय, आणि दुसऱ्यांदा राजीनामा द्यायचा आपला विचार नाही. त्याला आणि अख्ख्या मंडळाला काढा म्हणून पत्र निघालं, तीन हजारांच्या आसपास सह्या. त्याच्या बाजूनं दुसरं निघालं, त्यावर सहा हजारांहून जास्त. रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीनं फाउंडेशनला द्यायचा पैसा थांबवला. डेबियन नावाचं लिनक्स बनवणाऱ्या मंडळींनी रीतसर मतदान घेतलं, आणि आपण यावर काहीच निवेदन काढायचं नाही हा पर्याय जिंकला. हे वाचून मला आमच्याकडची सोसायटीची वार्षिक सभा आठवली, विषयपत्रिकेवरचा नाजूक विषय आला की सगळे एकदम चहाला उठतात तशी. मी दुसऱ्या पत्रावर सही केली. हे इथं लिहायलाच हवं. सही करताना डोळ्यांसमोर प्रिंटर होता, परवाना होता, माडी होती. एकही माणूस समोर नव्हता.

एवढं सगळं पाठ असल्यामुळं, फोटोच्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बसवून समजावलं. तिनं रात्री मोबाइलवर नाव शोधून बघितलं होतं, हे तिनंच सांगितलं. मी म्हटलं, बातमी चुकीची होती. तो असं म्हणालाच नव्हता, त्याचं म्हणणं फक्त शब्दाच्या वापराबद्दल होतं. मी तारखा सांगितल्या. कोण काय म्हणालं, आधी काय, नंतर काय. अर्धा तास तरी बोललो असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पत्रिकांचा गठ्ठा सारखा करत म्हणाली, "व्हय दादा, बातमी चुकीची असंल. मी बातमीचं विचारलंच न्हाई. मी इथं रोज बसते, म्हणून विचारलं."

मला उत्तर आलं नाही.

आमच्या हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं असायची. जमिनीखाली खोल खड्डे, वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यांत. २००५च्या पुरात त्यांची वाट लागली. माझ्या आजोबांनी तिथं हमाली केलेली. ते सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. झाकण काढून ठेवायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. घाईनं उतरलेला माणूस तिथंच आडवा व्हायचा, ओरडायलाही वेळ मिळायचा नाही. त्या रात्री मी फोटो खाली काढला, पुसला आणि कागदाच्या रिमांमागं खणात ठेवला. फेकला नाही. भिंतीवर त्या जागी एक फिकट चौकोन राहिला, आणि त्याच्या खाली पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ, जी मी अजून रंगवलेली नाही. तासगावचे काका आले तेव्हा वर बघून चमकले. "महाराज कुठं गेलं वो?" मी म्हटलं, "बाहेरगावी." "कधी येणार?" यावर मुलगी टेबलावर मान खाली घालून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आणि मग दिवाळीच्या आठवड्यात हळद-अडत्याची मुलगी दुकानात आली. वडिलांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका छापायला. बावीस वर्षांनी. केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा आलाय, अडत तीच बघते आता. ओळखलं मी तिला वासावरनं, हे तिला सांगितलं नाही. पत्रिकेचा मजकूर तिनं जुन्या फाइलमधून आणला होता, आजोबांच्या वेळचा, जुन्याच फॉन्टमधला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी विचारून टाकलं, तू तेव्हा यायची का थांबलीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती प्रूफवरनं नजर न काढता म्हणाली, "अरे, तो जिना अंधारा होता." मला कळलं नाही. "मग?" "मग काय. सर सोडायला यायचे खालपर्यंत." थोडा वेळ गेला. "तुम्ही सात जण होता वर. कुणी एक जण आला असतास जिन्यापर्यंत तर चाललं असतं." आवाजात राग नव्हता, पावतीवरचा आकडा वाचावा तसं बोलली. वाड्याचा तो जिना माझ्या डोळ्यांपुढं आला. गुळगुळीत झालेल्या लाकडी पायऱ्या, हाताला लागणारा दोर, मधल्या वळणावर खिडकी नसलेली जागा. तिथून मी किती वेळा शीळ घालत उतरलोय.

काहीतरी करायचं म्हणून मी तिची फाइल युनिकोडमध्ये बदलायला घेतली. आणि स्क्रीनवर तिचाच प्रोग्राम उघडला. रोज उघडतो मी तो, बावीस वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदा वरच्या ओळी वाचल्या. तिचं नाव, माहेरचं आडनाव, सांगली, २००३, आणि खाली जीपीएल. त्या परवान्यात अट आहे, प्रोग्राम कितीही हातांतून गेला तरी मूळ लेखकाच्या हक्काची नोंद काढायची नाही. माडीवर कुणाला तिची आठवण राहिली नाही. मीसुद्धा लोकांना सांगताना "आमच्या ग्रुपनं केलेला" म्हणायचो. फाइलमध्ये मात्र ती नोंद शाबूत होती, आणि ती ज्या अटीमुळं शाबूत होती ती खणातल्या त्या माणसानं लिहिलेली. हे मला कुठल्या खात्यात जमा धरायचं, अजून ठरवता आलेलं नाही.

"हे अजून चालतंय?" ती पुढं वाकली. मुलगी उठून उभी राहिली आणि आपली खुर्ची तिला दिली. मी म्हटलं, चालतंय, फक्त "सूर्याच्या"सारखा शब्द आला की रफार भलतीकडं जातो, तेवढा मी हातानं दुरुस्त करतो. "बावीस वर्षं हातानं?" "हं." ती चष्मा कपाळावर सरकवून ओळी वाचत खाली गेली, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, आणि एका ठिकाणी बोट टेकवलं. रफारानंतर काना आला की माझा हिशेब एका अक्षरानं चुकला होता बघ, म्हणाली. मुलीनं विचारलं, काना तर नंतर आहे, मग रफार कुठं ठेवायचा? अडत्याच्या मुलीनं टेबलावरची एक रद्द झालेली पत्रिका उलटी केली, पेन मागितलं आणि कोऱ्या बाजूवर "सूर्या" लिहून बोटानं दाखवलं. हे इथनं उचलायचं, तिथं ठेवायचं.

दुरुस्ती झाली. फाइल ठेवताना तिचा हात वरच्या ओळींवर थांबला. "इथं आता कुठलं आडनाव घालायचं?"

"दोन्ही घाला की, ताई," मुलगी म्हणाली.

तिनं थोडा विचार केला. आडनाव जुनंच ठेवलं, आणि २००३च्या पुढं स्वल्पविराम देऊन यंदाचं साल घातलं.